उजेडाला घाबरणारी चिप

प्रिय दोस्ता,

"आली का रे चिप?" हा तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस झाले आणि मी ढिम्म, रागावू नकोस लेका, चिप आली होती पण चालत नव्हती, आणि ते कुणाला सांगायची इच्छाच होत नव्हती.

डिझाईन फॅबला, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवलं की चिप हातात यायला कित्येक महिने जातात, तोवर आपण सिम्युलेशनचे ग्राफ बघत मनात मांडे खायचे. काम तसं एका ओळीचं, मेंदूतल्या पेशींचे सिग्नल मोठे करायचे. पण ते असतात शंभरएक मायक्रोव्होल्टचे, ईसीजी साधारण 1 मिलिव्होल्टचा असतो म्हणजे आमच्यापुढे तो पहिलवानच! वर इलेक्ट्रोड शरीरातल्या खारट पाण्याला लागला की तिथे आपोआप दहा-वीस मिलिव्होल्टचा, कधी त्याहूनही मोठा डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, तयार होतो, तो आत शिरला तर अ‍ॅम्प्लिफायर सॅच्युरेट होऊन, म्हणजे टोकाला जाऊन अडकून, बसतो. म्हणून डीसी अडवायचा आणि साधारण 1 हर्ट्झच्या वरचं तेवढं सोडायचं, ते काम कपॅसिटर आणि रेझिस्टरची जोडी करते. आता गंमत बघ, 1 पिकोफॅरडचा कपॅसिटर धरला तर त्याच्या जोडीला रेझिस्टर लागतो जवळपास 160 गिगाओमचा. एवढा मोठा चिपवर मावणार कसा? मग बंद असलेल्या ट्रान्झिस्टरलाच रेझिस्टर म्हणून राबवतात, स्युडो-रेझिस्टर म्हणतात त्याला, हॅरिसन आणि चार्ल्स यांच्या 2003 च्या पेपरनंतर ही आयडिया सगळ्यांनीच उचलली, मीपण.

तर माझी चिप दिवसा वेड्यासारखी वागायची, आउटपुट सरकत सरकत सप्लायला जाऊन चिकटायचं, आणि रात्री उशिरा बसलो की शहाण्यासारखी. मी आधी घरच्या विजेच्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीला शिव्या दिल्या, मग सप्लाय बदलला, बोर्ड परत सोल्डर केला, दोन आठवडे गेले. शेवटी एका रात्री वायरबाँड, म्हणजे चिपला जोडणाऱ्या बारीक तारा, नीट दिसत नव्हते म्हणून मोबाईलचा टॉर्च मारला आणि ऑसिलोस्कोपवरची आउटपुटची रेघ टुणकन उडाली. टॉर्च बंद, रेघ हळूहळू खाली. परत चालू, परत वर. मी वेड्यासारखा दहा मिनिटं तेच करत बसलो होतो.

टेस्टिंगसाठी पॅकेजचं झाकण काढलेलं होतं ना, आणि सिलिकॉनवर उजेड पडला की करंट वाहणारच, सोलर पॅनेल त्याच्यावरच तर चालतं. पण इथे त्या स्युडो-रेझिस्टरपाशी 1 पिकोअँपिअर जरी गळाला तरी गुणिले 160 गिगाओम म्हणजे 160 मिलिव्होल्ट! पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं रे, डोक्यात आलं नाही एवढंच.

गाईडना सांगितलं तर ते म्हणाले, कवटीत अंधारच असतो, काळजी कशाला. पण टेबलावरची चिप अजून कवटीत गेलीये कुठे, आणि हल्ली मेंदूतल्या पेशींवर मुद्दाम प्रकाश टाकून प्रयोग करतात, तिथे काय करायचं? म्हणून पुढच्या लेआउटमध्ये त्या ट्रान्झिस्टरांवर वरच्या मेटलचं छप्पर टाकतोय. सध्या काळी चिकटपट्टी लावलीये, नॉइज सिम्युलेशनपेक्षा थोडा जास्त येतोय पण सिग्नल येतोय तरी. पेपरात चिकटपट्टीचा फोटो टाकू का नको यावर आमच्या लॅबमध्ये वाद चालू आहे, माझं मत टाकावा, नाहीतर पुढचा कुणीतरी परत दोन आठवडे घालवणार.

तुझं काय चाललंय ते सविस्तर लिही, एका ओळीचा मेसेज नको.

तुझाच,
चिकटपट्टीवाला