आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेसाठी

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी लहान मुलांचे दात तपासते. सात वर्षांच्या मुलीची किडलेली दाढ दाखवली की आई हमखास म्हणते, "दुधाचीच ना? पडेल की!" ती दाढ कायमची असते. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पडता उगवते, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाला कळतही नाही. तिच्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत शिरत नाही.

त्या खाचा सीलंटने, म्हणजे रेझिन या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या पातळ थराने, बुजवता येतात. भूल नाही, कोरणं नाही. आम्ल लावलेल्या दाताला रेझिन घट्ट चिकटतं हे अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. सीलंटमुळे दाढांमधली ८० टक्के कीड २ वर्षं टळते, असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. पण तो टिकला तर!

सीलंटआधी दाढेला आम्ल लावतात; ते धुऊन वाळवलेली दाढ खडूसारखी पांढरी दिसते. नेमकी तेव्हा मुलाची जीभ फिरली, लाळ लागली, की केलेलं काम वाया. वरून सीलंट चकाकतो, आत मात्र धरलेलाच नसतो. शिबिरात मी एकटीने हे काम केलं आहे: एका हाताने जीभ आवरायची, दुसऱ्या हाताने सीलंट लावायचा, आणि बाहेर पन्नास मुलं रांगेत. पुढे त्यांतल्या काहींच्या दाढा पुन्हा पाहिल्या. खाचा उघड्या होत्या. फार वाईट वाटलं.

म्हणून मागते आहे. प्रत्येक खुर्चीपाशी डॉक्टरसोबत एक मदतनीस द्या. चार हातांनी लावलेला सीलंट जास्त टिकतो. अर्धी हिरडीखाली असलेली दाढ कोरडी राहतच नाही, तिथे ग्लास आयोनोमर हा सिमेंटसारखा पदार्थ वापरू द्या. तो लवकर झिजतो हे खरं, पण ओलावा सोसतो, फ्लोराइड सोडतो आणि दाढ पूर्ण वर येईपर्यंत तिला सांभाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही तो २०२१ पासून आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच मुलांना वर्षभराने पुन्हा तपासा, निघालेला सीलंट परत लावा. आज अहवालात फक्त "किती दाढांना लावला" एवढंच लिहिलं जातं. शेजारी "वर्षाने किती टिकला" हा रकाना आपल्या सहीने सुरू व्हावा.

आपली,
एक बालदंतचिकित्सक