परिसेविका मॅडम, तुमच्या ड्युटी-चार्टबद्दल मनापासून आभार

आदरणीय परिसेविका मॅडम,
सप्रेम नमस्कार.

12 मेला परिचारिकांना गुलाबाचं फूल मिळतं, फोटो निघतात. त्याचाही आनंद असतोच. पण हे पत्र उरलेल्या दिवसांसाठी आहे, आणि सगळ्यात आधी, वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर म्हणून तुम्ही लावत असलेल्या ड्युटी-चार्टसाठी.

पुढच्या महिन्याचा चार्ट 25 तारखेला भिंतीवर लागायचा. पाळणाघर, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची दवाखान्याची फेरी, सगळं त्या एका कागदावर ठरतं. जिथे आदल्या रात्री फोन करून 'उद्या मॉर्निंगला या' असं सांगतात, तिथे माणसं आधी थकतात, मग रजा टाकतात, मग नोकरी सोडतात, आणि त्यांचे बेड उरलेल्यांच्या अंगावर पडतात. तुम्ही ईव्हिनिंगला जोडून मॉर्निंग कधी टाकली नाहीत. कागदावर रात्री 8 ते सकाळी 8 असे बारा तास दिसतात खरे. पण पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून ओव्हर देईपर्यंत पावणेनऊ होतात, जुळे सोलापूरला घरी पोचून जेवणखाण आवरेपर्यंत साडेदहा, आणि पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचं. सलग तीनपेक्षा जास्त नाइट नाहीत, नाइटनंतरची सुट्टी मागण्याआधीच लिहिलेली. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली सुट्टी मागच्या वर्षी कुणाला मिळाली, हेसुद्धा वहीत नोंदलेलं.

थकव्याने नेमकं काय होतं, ते तुम्ही औषधाच्या ट्रेवर दाखवलंत. लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज मिलीला 40 युनिटच्या वायलसाठी (इन्सुलिनच्या बाटलीसाठी), नारिंगी टोपणाची 100 साठी. 100 च्या वायलमधून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली येतो, म्हणजे 50 युनिट. अडीचपट डोस! पहाटे चारला सिरिंजची रेघ दिसते, वायलवरचा आकडा मात्र वाचायचा राहून जातो. म्हणून इन्सुलिन आणि पोटॅशियम क्लोराइड दोघींनी मोठ्याने वाचूनच द्यायचं. औषधाची ट्रॉली फिरत असताना वॉर्डाचा फोन मावशींनी घ्यायचा.

चूक होता होता टळली, तर ती बिननावाच्या वहीत जायची. कुणी केलं हे तुम्ही विचारलं नाहीत, कशामुळे झालं ते विचारलंत. दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या कप्प्यात गेल्या त्या या वहीमुळेच. जिथे राउंडवर रुग्णासमोर बोलणी बसतात, तिथे चुका लपतात आणि पुन्हा होतात.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्यांच्या लक्षातही येत नाही. सोलापुरात एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे रुग्ण असतात. तेलुगू येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक जण हाक मारतो: आजींना विचारा कुठे दुखतंय, काकांना सही समजावून सांगा. तिची स्वतःची औषधं मग मागे पडतात, आणि दिवसाअखेरी ते काम कुठेच दिसत नाही. तुम्ही ते काम मोजलंत. तिच्या वाट्याचे दोन बेड कमी केलेत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटचं वर्णन कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ तणावाचा परिणाम असं केलं. त्याच्या तीन खुणा: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उठणं, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. दुरुस्ती कामाच्या जागेची हवी, एकट्या सिस्टरच्या सहनशक्तीची नव्हे, हे तुम्ही चार्टमध्ये करून दाखवलंत. आणि तुमची शाबासकीसुद्धा कधी नुसती 'छान काम' नसायची. 'सात नंबरच्या आजींचा हात सुजायच्या आत कॅन्युला (शिरेतली सलाइनची नळी) काढलीत, बरं झालं.' कुणीतरी पाहिलं, हे त्या वाक्यातून कळायचं.

तुम्ही निवृत्त झालात. दोन्ही वह्या नव्या परिसेविकांच्या टेबलावर आहेत, आणि याही महिन्यात चार्ट 25 लाच लागला.

आपल्या,
वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर
सोलापूर