पहिला सेल्सवाला कमिशनवर ठेवू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की आजकालच्या पोरांना सेल्सचं काम नको, सगळ्यांना एसीत बसून पगार पाहिजे. ते वाचता वाचता माझा चहा थंड झाला, कारण काही वर्षांआधी मीही हेच म्हणून राहिलो होतो.

माझं नागपुरात सक्करदऱ्यात विम्याचं छोटं ऑफिस आहे. तेव्हा मी एकटाच एजंट होतो, दिवसा फिल्ड, रात्री रिन्यूअलचे फोन, जेवताना क्लेमचे फोन, मग वाटलं एक पोरगा ठेवून टाकू. ओळखीतला बीकॉम झालेला पोरगा मिळाला, बोलण्यात तेज, आणि मी त्याला सांगितलं की पगार नाही भाऊ, जितकं विकशील त्याच्या कमिशनमधून अर्धं तुझं. फॉर्म माझ्याच एजंट कोडवर, म्हणजे माझ्या नावानं भरायचे. हे नियमात बसत नाही, विमा समजावून विकणारा माणूस स्वतः परीक्षा पास असायला लागतो, पण बर्डीपासून बेसापर्यंत कितीतरी ठिकाणी असंच चालते म्हणून मीही चालवलं.

पहिल्या दोन महिन्यांत पोरानं धडाका लावला, मी खूश. नंतर पाहिलं तर सगळ्या पॉलिस्या मामा, मावशी, आत्याच्या. नातेवाईक संपले की गाडी थांबली. मग घरून बोलणी बसायला लागली असतील, पेट्रोलही खिशातूनच, तर तो कशीही केस ओढायला लागला. नंदनवनचे एक रिटायर मास्तर होते, त्यांना शुगर. फॉर्ममध्ये शुगर लिहिली तर मेडिकल तपासणी होते, प्रीमियम वाढतो, केस पंधरा दिवस लटकते, आणि याला त्याच महिन्यात पैसे पाहिजे होते, म्हणून त्यानं त्या रकान्यात ‘नाही’ लिहून टाकलं. मीही न वाचता फॉर्म पुढे पाठवला. चौदा महिन्यांनी मास्तर छातीत दुखते म्हणून धंतोलीत ॲडमिट झाले, डॉक्टरच्या कागदावर ‘मधुमेह आठ वर्षांपासून’ असं आलं, आणि कंपनीनं क्लेम नाकारला, पॉलिसीही रद्द. बिल होतं 2 लाख 40 हजार. मास्तर भांडले नाहीत. फक्त म्हणाले, “बाप्पा, मी तर तुमच्याकडे पाहून सही केली होती.” पोरगा तोवर दुसरीकडे कर्जवसुलीच्या कामाला लागला होता.

आता लोक म्हणतात पोरगाच बेइमान होता. असेल थोडा. पण ज्याला महिन्याला एक रुपया पक्का नाही त्याच्याकडून आपण काय पाहिजे म्हणून बसतो?

त्यानंतर मी बरीच वर्षं कुणालाच ठेवलं नाही. मग विम्याची मार्केटिंग फर्म काढली, ही सोय 2015 मध्ये आली, एकापेक्षा जास्त कंपन्यांचे प्लॅन ठेवता येतात आणि विकायला रीतसर माणूस नेमता येतो. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि हेल्थवरचा जीएसटी शून्य झाला (गाडीच्या विम्यावर 18 टक्के तसाच आहे, हे रोज दहा जणांना सांगावं लागते), चौकशीचे फोन इतके वाढले की एकट्यानं होईना.

या वेळी मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर सहा वर्षं काम केलेल्या एका ताईंना घेतलं. पगार 18 हजार, पेट्रोल 3 हजार, इन्सेंटिव्ह वेगळा. आधी ट्रेनिंग, परीक्षा, सर्टिफिकेट, मग फिल्ड. बायको म्हणाली डोकं फिरलं का. हिशोब तिचा बरोबरच होता, 20 हजारांच्या हेल्थ पॉलिसीवर आमच्याकडे 15 टक्क्यांनी 3 हजार येतात, म्हणजे नुसता खर्च निघायला महिन्याला सात पॉलिस्या पाहिजे, आणि ताईंच्या फिल्डवरच्या पहिल्या तीन महिन्यांत झाल्या शून्य, दोन आणि तीन. 63 हजार गेले, 15 हजार आले. झोप उडाली होती, खोटं कशाला बोलू. पण हेल्थचं कमिशन दरवर्षीच्या रिन्यूअलवरही येते आणि ते फर्मच्याच खात्यात, माणूस सोडून गेला तरी. मग पहिल्या वर्षाची रिस्क त्यानंच काहून घ्यायची?

एकदा मी ताईंसोबत इतवारीत एका कापड दुकानदाराकडे गेलो. मला वाटलं आता ब्रोशर काढतील. त्यांनी त्याची जुनी पॉलिसी मागितली, काउंटरवरच चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “भाऊ, तीन लाखाचं कव्हर आहे पण रूमचं भाडं त्याच्या एक टक्काच मिळते, म्हणजे रोजचे 3 हजारच. तुम्ही 6 हजारांच्या रूममध्ये गेले तर डॉक्टर, ऑपरेशनच्या बिलातही तेवढीच कपात, निम्मं तुमच्या खिशातून.” दुकानदारानं कापड मोजायचं थांबवलं. त्या दिवशी काहीच विकलं गेलं नाही, रिन्यूअलला वेळ होता, पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायची, तर रिन्यूअलच्या तारखेच्या दीड महिना आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणून ताईंनी तारीख डायरीत लिहून घेतली आणि आम्ही निघालो. कमिशनवरचा माणूस असा रिकाम्या हातानं निघू शकत नाही, त्याला त्याच दिवशी काहीतरी गळ्यात मारावंच लागते. पुढे दुकानदारानं पॉलिसी बदलली, वरून दोन भावांना घेऊन आला. आता महिन्याला सात-आठ होऊन राहिल्या.

त्या पत्रवाल्या काकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना इतकंच विचारतो, की आपल्याच पेपरच्या छोट्या जाहिरातींत ‘घरबसल्या महिना 50 हजार कमवा’ लिहिता तेव्हा त्यात पक्का पगार किती? मला आता दुसरा माणूस पाहिजे आहे, त्याची जाहिरात रविवारी देऊन राहिलो, मजकूर असा: विमा सेल्ससाठी माणूस पाहिजे, बाई किंवा पुरुष, टू व्हीलर आवश्यक, पगार 18 हजार, पेट्रोल वेगळं, पहिले तीन महिने टार्गेट नाही, नातेवाईकांची यादी आणू नये.

आपला,
एक विमा व्यावसायिक, सक्करदरा, नागपूर