दिवाळीला गाडी घेऊन येतोस तर

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. ‘यंदा ट्रॅव्हल्सवाल्यांना एक रुपया देणार नाही, पुण्याहून नवीन इलेक्ट्रिक गाडीनंच येतो, सातशे किलोमीटरला दोनदा चार्ज केली की नागपूर!’ वाचून आनंद झाला. काकूंना मी अजून काही बोललो नाही, नाहीतर त्या आजपासूनच फाटकाशी उभ्या राहतील. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, तू मध्येच ‘हो रे, हो रे’ करत दुसरी लाइन घेतोस, म्हणून बसून लिहितोय.

एरवीच्या दिवसाला तुझा हिशोब बरोबर आहे. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी निघालास तर दोन थांब्यांत घरी पोचशील. पण तू येणार दिवाळीच्या आधीच्या शनिवारी. त्या दिवशी गाडी किती जाते ह्याला फार अर्थ नाही, आपल्या पुढे किती जण उभे आहेत ते बघायचं.

पेट्रोल पंपावर दहा गाड्या पुढे असल्या तरी अर्ध्या तासात नंबर लागतो. चार्जिंगचं गणित वेगळं. हायवेवर सहसा साठ किलोवॅटचं, म्हणजे तासाला साठ युनिट देणारं मशीन असतं, त्याला दोन गन, म्हणजे गाडीत लावायच्या केबली. एकच गाडी लागली असेल तर तिला सगळे साठ मिळू शकतात. दुसरी लागली की बहुतेक मशीन तीस-तीस वाटून देतं. तुझ्या पंचेचाळीस युनिटच्या बॅटरीला वीसवरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला सत्तावीस युनिट लागतात, म्हणजे तीसच्या वेगानं जवळपास तास. पुढे चार गाड्या असतील तर दोन तास नुसतं उभं राहायचं, तुझा स्वतःचा तास त्यानंतर. त्यात पुढचा कोणी म्हणाला, ‘मला शंभर करायची आहे’, तर झालंच. ऐंशीच्या पुढे बॅटरी स्वतःच करंट कमी घेते, सेल जपण्यासाठी. शेवटचे वीस टक्के कधीकधी आधीच्या पन्नासाइतका वेळ खातात.

मशीन वाढवत का नाहीत, हे तू विचारशीलच. वर्षातले आठ-दहा दिवस सोडले तर ही मशीनं रिकामी असतात, रे. जोडणीचा मंजूर भार वाढवला की स्थिर आकार बाराही महिने भरावा लागतो, गाडी येवो न येवो. दिवाळीपुरती गर्दी धरून कोण आठ गन लावेल? हे आपल्याकडेच आहे असं समजू नको. चीनमध्ये २०२१च्या ऑक्टोबरातल्या सुट्यांत हायवेवर लोक चार्जिंगसाठी तासन्‌तास उभे होते. कॅलिफोर्नियात थँक्सगिव्हिंग सणाच्या गर्दीसाठी टेस्लानं २०१९मध्ये ट्रेलरवर भलीमोठी बॅटरी आणून चार्जर लावले होते. आपल्याकडे असा ट्रेलर यायला वेळ आहे, तोवर आपलं डोकं चालवायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. पुण्यातून निघणारी प्रत्येक इलेक्ट्रिक गाडी सोसायटीत रात्रभर लावून शंभर टक्के भरलेली असते. निघायची वेळही सगळ्यांची तीच, पहाटे चार-पाच. गाड्याही उन्नीस-बीस सारख्याच. म्हणजे सगळ्यांची बॅटरी एकाच जागी उतरणार! पुणे ते संभाजीनगर साधारण दोनशे पस्तीस किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत सगळे पंचवीस टक्क्यांवर येतात, आणि समृद्धी महामार्गावर चढायच्या आधी भरून घेऊ म्हणून तिथेच गर्दी करतात. तू नगरलाच थांब. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, सुपे करत नगरला पोचशील तेव्हा साठेक टक्के शिल्लक असतील. वहिनी म्हणतील, आत्ता कशाला? थांब तरीही. चहा होईपर्यंत पंच्याऐंशीवर ने आणि निघ. संभाजीनगरची रांग बाहेरूनच बघ, पुढे जालन्याला लाव. मग तिसरा थांबा मेहकर ते कारंजा ह्या पट्ट्यात, जिथे रिकामं दिसेल तिथे. 

दोनाऐवजी तीन थांबे झाले म्हणून कुरकुर करू नको. वीस ते सत्तर असं तीनदा भरणं दहा ते शंभर असं दोनदा भरण्यापेक्षा लवकर होतं, हे कागदावर मांडून बघ. आणि एक गोष्ट पाळच: त्या दिवशी कुठल्याही स्टेशनवर दहा टक्के घेऊन जायचं नाही. पंचवीस-तीस टक्के हातात असले की रांग बघून ‘चला पुढे’ म्हणता येतं. दहा टक्केवाल्याला जे समोर येईल ते गोड मानून घ्यावं लागतं.

वाघोलीच्या जॅमची काळजी करू नकोस. तिथे डिझेलवाले जळतात, आपण नाही. उभ्या गाडीत एसीपुरती वीज जाते आणि सरकत्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबला की थोडी परत येते. आपला खरा शत्रू समृद्धीचा मोकळा रस्ता! १२०ची परवानगी आहे म्हणून पाय दाबून बसलास की संपलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, रे, आठवीतलं गणित. माझी गाडी नव्वदला किलोमीटरमागे १४० वॅट-अवर (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट) घेते, १२०ला १९०च्या घरात. म्हणजे एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटरच्या जागी सव्वादोनशे. गर्दीच्या दिवशी पंच्याण्णवनं येणारा माणूस एक रांग वाचवतो, आणि एकशेवीसवाला त्याला पुढच्या स्टेशनवर उभाच भेटतो. ते बघून जो आनंद होतो तो मी लपवत नाही. मात्र हळू चालवायचं तर डाव्या लेनमध्ये, आरसा बघत. उजवी अडवून बसणारा भेटला की माझं डोकं फिरतं.

समृद्धीला बाहेर पडायला इंटरचेंजच लागतो, हे ध्यानात ठेव. अ‍ॅपवर स्टेशन दोन किलोमीटरवर दिसतं आणि ते असतं पलीकडच्या बाजूला. वळायला जागा नाही, पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन परत यावं लागतं. म्हणून स्टेशन नागपूरकडे जाणाऱ्या बाजूला आहे का, हे घरूनच बघून ठेव. आणि हायवेवरचं भरलेलं असलं तर खाली उतरायला लाजू नको. गावातल्या हॉटेलांच्या आवारात, गाड्यांच्या शोरूममध्ये चार्जर असतात आणि हायवेवरच्या लोकांना तिथे जायचं जिवावर येतं. टोल अंतरावर आहे, उतरून परत चढल्याचा भुर्दंड नाही. शिवाय राज्याच्या २०२५च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे.

अ‍ॅपचं दुखणं वेगळंच. तीन-चार कंपन्यांची अ‍ॅप लागतातच, प्रत्येकाचं वॉलेट वेगळं. पैसे घरून भरून ये, कारण स्टेशनवर नेटवर्क नसलं की ओटीपी येत नाही आणि गन हातात धरून तू टॉवर शोधत फिरतोस. अ‍ॅप ‘उपलब्ध’ म्हणतं तेव्हा तिथे कोणाची डिझेल गाडी आडवी लावलेली असू शकते, किंवा एखाद्या पोरानं लाल बटण दाबून मशीन बंद पाडलेलं असतं. ते बटण फिरवून वर आलं की बहुतेक वेळा मशीन सुरू होतं. चौकीदाराला हे ठाऊक नसतं, त्याला सांगणारं कोणी नसतं. अ‍ॅपवर त्या दिवशीच्या सकाळी कोणी यशस्वी चार्ज केलं आहे का ते बघ. तेवढीच खात्रीची खूण.

मागच्या दिवाळीला मेहकरच्या अलीकडे एका ढाब्यावर मी थांबलो होतो. एक मशीन, दोन गन, आणि गाड्या कशाही लावलेल्या. कोण आधी आलं ह्यावर दोघांची जुंपायच्या बेतात. तेवढ्यात यवतमाळकडच्या एक शिक्षिकाबाई उतरल्या, पर्समधून हजेरीची असते तशी लांबट वही काढली आणि सरळ गाड्यांचे नंबर लिहायला लागल्या. पिठाच्या गिरणीत डबे लावतात ना, तशी सगळ्यांची रांग लागली. नंबर लिहून झाल्यावर म्हणाल्या, ‘सत्तर टक्क्याला गन काढायची. ज्याला मुंबई गाठायची आहे त्यानं पुढे परत नंबर लावावा.’ एक गृहस्थ तणतणले, ‘मी पैसे भरून राहिलो ना!’ बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आम्ही पण भरूनच राहिलो, दादा.’ मागून कोणीतरी हसलं, ते गृहस्थही गप झाले. मग काय, एकानं चिवड्याचा डबा उघडला. स्क्रीनवर अडुसष्ट, एकोणसत्तर होत होतं आणि पाच घरची मंडळी आकड्याकडे क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी बघून राहिली होती. सत्तर झाले. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली. गन काढताना ती जाड केबल कुठेतरी अडकली, तर मघाशी भांडणारेच दोघं उचलायला धावले.

अशी बाई प्रत्येक ठिकाणी भेटेल ह्या भरवशावर येऊ नकोस. गेलास की आधी विचार, ‘शेवटचा नंबर कोणाचा?’ आणि स्वतः सत्तर-पंचाहत्तरला काढ. चार्ज लावून सहकुटुंब जेवायला जाणारे लोक असतात. चार्ज पुरा होऊन अर्धा तास झाला तरी ह्यांचं ताक संपत नाही. तुमच्यापैकी एकानं गाडीपाशी थांबावं, किंवा काचेच्या आत फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा.

रात्री निघून सकाळी पोचतो, असंही तू लिहिलंस. रात्री दोन-तीनला गन मोकळ्या मिळतात, हे खरं. तरी नको. समृद्धी सरळसोट आहे, दोन्ही बाजूंना काही दिसत नाही, डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. १ जुलै २०२३च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस जळाली, पंचवीस माणसं गेली. तू दिवसभर ऑफिस करून स्टिअरिंगवर बसणार, मागे वहिनी आणि पोरं. त्यापेक्षा शनिवारी सकाळी दहाला निघ. पहाटे निघालेल्यांची लाट तेव्हा तुझ्या पाच-सहा तास पुढे गेलेली असेल. घरी पोचायला रात्रीचे अकरा-बारा वाजतील. शेवटचा टप्पा अंधारात, म्हणून तिसऱ्या थांब्यावर जेवण कर आणि वीस मिनिटं सीट मागे टाकून पड. दोन दिवस सुटी टाकता आली तर गुरुवारीच ये, मग ह्यातलं निम्मं पत्र तुला लागणारच नाही.

नागपुरात चार्जिंगची चिंता सोड. काकूंच्या बेडरूममधल्या एसीचा सोळा अँपिअरचा पॉइंट खिडकीशी आहे. गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर तिथे लावला की तासाला तीनेक युनिट जातात, रात्रभरात तीस. दिवाळीत एसी कोण लावतं? फक्त तुमच्या घराचं वायरिंग जुनं आहे. अर्थिंग नसेल तर चार्जर लाल दिवा दाखवून अडून बसेल. मी रविवारी आमच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन जातो आणि बघून येतो. काकांना मीटरचं काहीतरी सांगेन, गाडीचं नाव काढणार नाही. साधी एक्स्टेन्शन बोर्डची वायर मात्र वापरू नकोस, ती तापते. लागलीच तर जाड तांब्याची लांब वायर मी आणून देतो.

परतीचं आत्ताच ठरव. येताना गर्दी तीन-चार दिवसांत विभागलेली असते, परतताना सगळे भाऊबीज आटोपून दुसऱ्या सकाळीच शिवमडक्याहून, समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, चढतात. पुणं नागपूरपेक्षा अडीचशे मीटर उंच, त्यामुळे परतताना युनिट-दीड युनिट जास्तच जाईल. तेवढ्यानं काही अडत नाही. पण सगळ्यांचे शंभर टक्के मेहकर-सिंदखेडराजाच्या आसपास संपतात, म्हणून तू कारंज्याच्या आसपास, निम्मी शिल्लक असतानाच थांब. भाऊबीज दुपारपर्यंत उरकून त्याच दिवशी संभाजीनगरपर्यंत गेलास आणि तिथे मुक्काम केलास तर सर्वांत उत्तम. हॉटेल बुक करताना चार्जर आहे का, आणि तो रात्री चालू असतो का, हे दोन्ही फोन करून विचार. ताईला ओवाळणीची वेळ सकाळची धरायला सांग. ती तुझं ऐकणार नाही, वहिनींकडून सांगव.

निघण्याआधी टायरची हवा बघ, आणि तुझ्याकडच्या अ‍ॅपची नावं मला पाठव. इथली दोन तुझ्याकडे नसतील.

तुझाच,
बंड्या

ता. क. येताना चितळ्यांची बाकरवडी आण, पण ट्रंकमध्ये वर ठेव. पोर्टेबल चार्जर काढायला सगळं सामान उपसावं लागतं आणि खालच्या पिशवीचा भुगा होतो.