नाशिकच्या सिडकोतल्या कॉम्प्युटरवाल्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे आभार नीट मानायचे राहून गेलेत. समोर मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच लेकीला पुढचं काहीतरी समजावून सांगायला लागता. म्हणून हे जाहीर लिहिते आहे. चार लोकांनी वाचावं असंही मनापासून वाटतं. नवा कॉम्प्युटर जोडला आणि स्क्रीन काळीच राहिली, तर घरातली माणसं किती घाबरतात आणि त्यांना किती सहज आणखी घाबरवलं जातं, ते आम्ही अनुभवलंय.

माझं काम डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं, पंचवटीत राहत्या घरातूनच चालतं. आषाढ लागला की गणेश मंडळांचे अहवाल यायला सुरुवात होते. जाहिराती, वर्गणीदारांच्या याद्या, कार्यकर्त्यांचे फोटो, सगळं एका फाईलमध्ये. जुना कॉम्प्युटर त्या फाईली उघडतानाच मान टाकायचा. लेक म्हणाली, तयार घेण्यापेक्षा मी जोडते, त्याच पैशात चांगला होईल. तिने पार्ट निवडले ते विचार करूनच. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, कारण त्यात ग्राफिक्स आतच असतं, वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. बी४५० चा मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड, कारण तो बजेटात बसत होता. मॅन्युअल शेजारी उघडं ठेवून, हातातली बांगडीसुद्धा काढून ठेवून तिने तो जोडला.

बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटचे रंगीत दिवे लागले, आणि मॉनिटरवर "नो सिग्नल". कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तर त्याचाही दिवा लागेना. रॅम काढून पुन्हा बसवली, बोर्डावरचा गोल सेल काढून थोड्या वेळाने परत घातला, केबल बदलून पाहिल्या. काही फरक नाही.

रिक्षात घालून मशीन दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाने झाकणही न उघडता विचारलं, "कोणी जोडलाय?" लेक म्हणाली, मी. "मग प्रोसेसर उडवला असणार. हे वॉरंटीत बसत नाही." एवढंच. परत येताना पोरगी एक अक्षर बोलली नाही, रात्री जेवलीही नाही. पैशांची काळजी मला होतीच, पण तिचा चेहरा बघवत नव्हता.

तुमचा नंबर आमच्या प्रेसवाल्या भाऊंनी दिला. तुम्ही फोनवर "कोणी जोडला" असं विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, "बोर्डाच्या कडेला चार बारके दिवे असतील, त्यातला कुठला लागून राहतोय?" लेकीने मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, असं लिहिलेला लाल दिवा. मी धसकलेच, म्हटलं दुकानदार खरं बोलत होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "तो दिवा म्हणजे प्रोसेसर गेला असं नाही. बोर्डाची आणि प्रोसेसरची ओळख पटत नाहीये, एवढंच तो सांगतो. कारण दुसरंही असू शकतं. आता काही उघडू नका, मी येते." त्या रात्री घरात सगळ्यांना झोप लागली ती या दोन वाक्यांमुळे.

आणि आलात कधी, तर गोदावरीला पूर आलेला असताना. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं होतं, रामसेतू पूल बंद, होळकर पुलावर गाड्यांची ही रांग. सिडकोतून स्कूटीवर, पाठीवरच्या बॅगेला प्लॅस्टिक गुंडाळून तुम्ही दारात उभ्या राहिलात. चहासुद्धा नंतर घेते म्हणालात.

मशीनकडे वळण्याआधी तुम्ही कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावलीत आणि म्हणालात, "झिणझिण्या येतात का इथे?" येत होत्या. जुन्या कॉम्प्युटरलाही येत होत्या, पावसाळ्यात होतंच असं म्हणून आम्ही सगळे ते धरून चाललो होतो. तुम्ही मल्टीमीटर काढलात. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, ठीक. फेज ते अर्थिंग मात्र जवळजवळ काहीच नाही. मग एक टोक कॅबिनेटला, दुसरं स्वयंपाकघरातल्या लोखंडी नळाला. मीटरवर ११० च्या आसपास व्होल्ट दिसले आणि माझ्या अंगावर काटा आला.

अंबडच्या पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही काही वर्षं काम केलंत, ते तेव्हा कळलं. इतक्या सोप्या शब्दांत समजावून सांगितलंत की मी आता दुसऱ्यांना सांगू शकते. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस, त्याच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याकडे आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याकडे जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारा बारीकसा करंट जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकत राहतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण मॉनिटरची किंवा प्रिंटरची केबल लावताना तोच पोर्टांना दणका देऊ शकतो, आणि उद्या आत कुठे फेजची वायर पत्र्याला टेकली तर तिला जायला वाट फक्त माणसाच्या अंगातून. आमच्या जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. इतकी वर्षं कोणी पाहिलं नव्हतं, तुम्ही आल्या आल्या पाहिलंत. त्याने मशीन अडलं नव्हतं, हेही स्पष्ट सांगितलंत. तरी गीझरच्या पॉइंटला अर्थिंग आहे याची मीटरने खात्री करून, तिथून एक्स्टेंशन ओढेपर्यंत तुम्ही पुढे गेला नाहीत.

मग तुम्ही लेकीला म्हणालात, "आता तू काढ सगळं. मी बघते." ताई, हे वाक्य मी विसरणार नाही. स्वतः केलं असतंत तर निम्म्या वेळात झालं असतं.

बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. खाली एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायची खुंटी, चुकीच्या जागी टेकून शॉर्ट होत असेल, तर ती शंका तिथेच मिटते, असं तुम्ही सांगितलंत. बोर्डावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच कांडी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. एसएमपीएस आधी एकटाच तपासलात. २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला वायरच्या तुकड्याने जोडली की तो बोर्डाशिवाय चालू होतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, रंगावर जाऊ नकोस, पिना मोज, असं लेकीला दोनदा बजावलंत आणि मोजून घेतल्यात. बारा व्होल्टच्या लाइनला १२.१ आले. ११.४ ते १२.६ मध्ये असेल तर चालतं, म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे, हे लेकीच्या वहीत तुमच्या सांगण्यावरून लिहिलेलं आहे.

मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला, सीपीयूचा लाल दिवा पुन्हा लागला आणि तसाच राहिला. मला वाटलं संपलं. तुमचा चेहरा मात्र खुलला! "बरं झालं," म्हणालात, "आता कॅबिनेट नाही, एसएमपीएस नाही, केबल नाहीत. उरलं थोडंच."

तुम्ही बोर्डावरचा एक बारका स्टिकर वाचलात. त्यावर बायोसची, म्हणजे बटण दाबताच बोर्ड सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालवतो त्याची, आवृत्ती छापलेली होती. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी उघडून ५६००जी पुढे लिहिलेली आवृत्ती लेकीला मोठ्याने वाचायला लावलीत. बोर्डावरची त्याच्या कितीतरी आधीची निघाली. लेक थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे बोर्डाला हा प्रोसेसर माहीतच नाही?" तुम्ही म्हणालात, "बरोब्बर. तू जोडलेलं सगळं बरोबर आहे."

ते ऐकून तिने मान खाली घातली आणि डोळे पुसले. तुम्ही तिकडे न बघता बोलत राहिलात, तेही मला फार आवडलं.

तुम्ही सांगितलेलं इथे लिहिते, कारण अशा किती जणांचे बोर्ड आणि प्रोसेसर उगाच "जळाले" म्हणून पडून असतील. बी४५० बाजारात आला २०१८ साली आणि हा प्रोसेसर आला २०२१ मध्ये. प्रोसेसर बसायचं सॉकेट तेच, एएम४, त्यामुळे प्रोसेसर छान बसतो. पण त्याला ओळखायचं कसं, हे बायोसमध्ये लिहिलेलं असावं लागतं. पुष्कळ जुन्या बोर्डांवर बायोसची चिप अवघी १६ एमबीची, तिच्यात प्रोसेसरच्या इतक्या पिढ्यांची माहिती बसवणं अवघड. त्यापायी २०२० च्या मे महिन्यात रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीने आधी जाहीर केलं होतं की या बोर्डांवर पुढची पिढी चालणार नाही, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर त्याच महिन्यात तो निर्णय फिरवला. नव्या बायोसचे बोर्ड आले तेव्हा खोक्यावर "रायझन ५००० डेस्कटॉप रेडी" असा स्टिकर दिसायला लागला. आमच्या खोक्यावर तो नव्हता. गोदामात पडून राहिलेला जुना माल होता, बोर्डात दोष काहीच नव्हता. विकणाऱ्याने खोकं उलटून पाहिलं असतं तरी कळलं असतं, याचा मला अजून राग येतो.

काही बोर्डांवर प्रोसेसर न ओळखताही पेनड्राइव्हवरून बायोस भरायचं बटण असतं. आमच्यावर नव्हतं. तेव्हा तुम्ही बॅगेतून फोममध्ये ठेवलेली डबी काढलीत. आत तुमच्या दुकानातला जुना रायझन ३ २२००जी. तो २०१८ चा, त्याला हा बोर्ड पहिल्या दिवसापासून ओळखतो. फोनवर लाल दिव्याचं ऐकलंत तेव्हाच तुम्हाला अंदाज आला होता, म्हणून तो बरोबर आणला होतात. अंदाज असूनही तुम्ही एकही पायरी गाळली नाहीत. मोजून खात्री झाल्यावरच डबी उघडलीत.

कूलर काढताना लेकीचा हात धरून थांबवलंत. "सरळ वर ओढू नकोस. मधली पेस्ट चिकटलेली असते, लॉक लावलेला असला तरी प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरव, सुटला असं वाटलं की उचल." प्रोसेसर उलटा धरून तिला त्याच्या पिना दाखवल्यात. १३३१ पिना, केसासारख्या बारीक, एकही वाकलेली नव्हती. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून जुना प्रोसेसर तिनेच बसवला. तो अलगद खाली उतरला, जोर द्यावाच लागला नाही.

बटण दाबलं आणि मॉनिटरवर अक्षरं आली. आमच्या ह्यांनी बाहेरच्या खोलीतून "आलं का?" म्हणून ओरडून विचारलं, इतका आवाज आम्ही केला होता.

तुम्ही मात्र लगेच सगळ्यांना गप्प केलंत. बायोस भरताना लाईट गेली तर बोर्ड खरोखरच निकामी होऊ शकतो, आणि बाहेर पाऊस कोसळत होता. तुमचा यूपीएस तुम्ही एवढ्या पावसात स्कूटीच्या पायाशी ठेवून आणला होता, तो लावलात. साइटवर बारीक अक्षरात लिहिलेली टीप तुम्ही वाचलीत, की आधी मधली एक आवृत्ती भरायची आणि मगच शेवटची. दोन्ही भरून होईपर्यंत कोणाला टेबलाला हातही लावू दिला नाहीत. मग २२००जी काढून, पेस्ट पुसून, नवी पेस्ट लावून ५६००जी परत बसवला. पहिल्यांदा मशीन आपणहून बंद होऊन पुन्हा चालू झालं, स्क्रीन काळीच. लेकीचा हात बटणाकडे गेला. "थांब, रॅमशी जुळवून घेतंय, घेऊ दे." आणि खरंच, थोड्या वेळाने प्रोसेसरचं पूर्ण नाव स्क्रीनवर आलं.

निघताना तुम्ही फक्त व्हिजिटचे पैसे घेतलेत. प्रोसेसर आणला, यूपीएस आणला, संध्याकाळ आमच्यावर घालवली, त्याचं काही घ्या म्हटलं तर "ती डबी त्यासाठीच ठेवलीय" म्हणालात. पायात चपला घालता घालता माझ्याकडून अर्थिंग करून घेण्याचं वचन मात्र घेतलंत.

ताई, ते काम झालंय. घरमालकांना तुमचे ११० व्होल्ट सांगितल्यावर ते तयार झाले. मागच्या अंगणात खड्डा घेऊन, पाइप पुरून, मीठ-कोळसा भरून वायरमनने नवी वायर वरपर्यंत आणली. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनीही आपली सॉकेटं तपासून घेतली. लेकीने मीटर विकत घेतलाय आणि कॅबिनेट ते नळ आता शून्याच्या आसपास दाखवतोय. तिने मुद्दाम फोटो काढून ठेवलाय तुम्हाला दाखवायला.

मंडळांचे अहवाल वेळेत छापून गेले. त्यातल्या एकाची प्रत तुमच्यासाठी बाजूला ठेवली आहे. लेक पुढच्या सुट्टीत तुमच्या दुकानात येऊन बसू का म्हणून विचारतेय. माझी तर मनापासून इच्छा आहे की तिने तुमच्या हाताखाली शिकावं. तुम्हाला अडचण नसेल तर कळवा, मी स्वतः तिला घेऊन येईन. आणि त्या दिवशीचा चहा घ्यायचा राहिलाच आहे, तेव्हा आधी तुम्ही या.

तुमची,
पंचवटीतली डीटीपीवाली मावशी