दुधाने पोळला एक, ताक फुंकतंय अख्खं घर

प्रिय मनू,

काल फोनवर तू एकदम विचारलंस, आई, बाबाला मी आवडेनाशी झालेय का गं, आणि मी विषय बदलला कारण बाबा शेजारीच बसला होता. म्हणून हे लिहितेय. लांबलचक होईल, सवडीने वाच.

अॅडमिशनची बातमी ऐकून तो "बरं झालं" एवढंच बोलला आणि उठून आत गेला ते तुला लागलंय हे कळतं मला. आधीचा बाबा असता तर ओळखीच्या अनोळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले असते त्याचे. अॅक्सिडेंटनंतर त्याचं नेमकं हेच गेलंय बघ. चिडणं सगळ्यांना दिसतं, दार आपटलं की दचकणं दिसतं, रात्री ओरडत उठणं तर तू ऐकलंयस. पण ट्रॉमामध्ये, म्हणजे मनावर असा मोठा आघात झाला की, माणूस आतून बधिर पण होतो. भीती तेवढी वेगळी काढून दाबता येत नाही ना, तिच्याबरोबर आनंद, कौतुक, माया सगळंच दबतं. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांवर बराच अभ्यास झालाय, त्यात बापाचं मुलांशी नातं बिघडण्याशी सगळ्यात जास्त संबंध दिसला तो या बधिरपणाचा, राग किंवा वाईट स्वप्नं नंतर. मला ते लगेच पटलं. रागावलेल्या माणसाचं निदान कळतं तरी की तो रागावलाय, कोऱ्या चेहऱ्यासमोर मूल आपलं आपण अर्थ लावत बसतं, आणि मुलं दरवेळी एकच अर्थ लावतात की माझंच काहीतरी चुकलं.

एड ट्रॉनिक नावाच्या सायकॉलॉजिस्टने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला होता. आईने तान्ह्या बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवायचा, हसायचं नाही बोलायचं नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि तरी काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कासावीस होतं. तू तेच करतेयस गं, फक्त तू 18 ची आहेस आणि तोंड फिरवण्याऐवजी फोन कमी करतेयस.

आजीचं वेगळंच चालू असतं. त्याच गाडीत असलेला काका कसा मजेत हिंडतोय आणि हाच का असा, मन खंबीर कर म्हणावं त्याला. आता जागतिक आरोग्य संघटनेच्याच आकड्यांप्रमाणे जगातली जवळपास 70 टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी अशा भयंकर प्रसंगातून जातात आणि त्यातल्या बहुतेकांना पीटीएसडी, म्हणजे बाबाला झालाय तो आघातानंतरचा मानसिक आजार, होत नाही, काही जणांनाच होतो. काकाला झाला नाही म्हणून बाबाचा खोटा ठरत नाही आणि बाबा कमकुवत पण ठरत नाही. पण आजीशी भांडू नकोस, अमेरिकन सायकॅट्रीच्या अधिकृत यादीतच हा आजार 1980 ला आला, तिच्या तरुणपणी अशा माणसाला विक्षिप्त म्हणून सोडून द्यायचे.

काउन्सेलरने मला एक गोष्ट समजावली ती तुलाही उपयोगी पडेल. मेंदूत अमिग्डला म्हणून धोका ओळखणारा भाग आहे, आणि हिप्पोकॅम्पस म्हणून दुसरा, जो आठवणीला हे कधी झालं कुठे झालं ते जोडून ठेवतो. प्रचंड भीतीत हे जोडणं नीट होत नाही. म्हणून करकचून ब्रेक मारल्याचा आवाज आला की बाबाला तो प्रसंग नुसता आठवत नाही, तो आत्ता चालू आहे असं त्याच्या अंगाला वाटतं. घाम फुटतो, छाती धडधडते. अशा वेळी "अरे काही नाही झालं" म्हणून उपयोग नसतो, तो कुठे आहे, आज वार कोणता, समोर कोण बसलंय हे शांतपणे सांगितलं तर लवकर सावरतो.

पण मला खरं बोलायचंय ते आपल्याबद्दल. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात ना, आपल्या घरात पोळला एकटा बाबा आणि फुंकून प्यायला लागलोय सगळे. टीव्हीचा आवाज कमी, अंधार पडायच्या आत सगळे घरात, फोन पहिल्या रिंगला उचलायचा नाहीतर तो घाबरतो, छोटू शाळेतून आला की आधी मला खुणेने विचारतो बाबाचा मूड कसाय. तू तर मार्क कमी पडले, मैत्रिणीशी भांडण झालं, यातलं काहीच त्याला सांगत नाहीस. सगळं प्रेमापोटी, मान्य. पण टाळणं हेच या आजाराचं खाद्य आहे, ज्याला टाळलं त्याची भीती कधी ओसरत नाही, आणि घर त्याच्या वतीने टाळायला लागलं की त्याला स्वतःला काही करून बघायची वेळच येत नाही. वर त्याला कळतं गं सगळं. आपण खोलीत आल्यावर सगळे गप्प होतात हे न कळायला तो काय लहान आहे? मग तो अजून आत जातो, तुम्ही अजून जपता, असं ते चालूच राहतं. छोटूची मला जास्त काळजी वाटते खरं तर, दहाव्या वर्षी घरातल्या मोठ्या माणसाचा मूड सांभाळणं हे काही त्याचं काम नाही. तुझंही नाही.

याचा अर्थ मुद्दाम दारं आपटायची असा नाही हं. आणि तो ओरडला तर ऐकून घ्यायचं असंही नाही. आजार आहे म्हणून दचकण्याला माफी, अपमानाला नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. "बाबा, असं बोललास तर मी फोन ठेवते, संध्याकाळी परत करते" असं सरळ म्हण, आणि संध्याकाळी खरंच कर. तो परतीचा फोन महत्त्वाचा.

त्याची थेरपी चालू आहे, ट्रॉमासाठीची जी सीबीटी असते ती, म्हणजे बोलून आणि सराव करून विचार आणि वागणं हळूहळू बदलायचं. टाळलेल्या गोष्टींची यादी केलीय, सोप्यापासून अवघडापर्यंत, एकेक करत वर जायचं. मधे दोन पावलं मागे पण जातो, सेशनच्या दिवशी तर विचारू नकोस, घरी येऊन नुसता पडून राहतो. परवा मात्र पहिल्यांदा गाडीत पुढच्या सीटवर बसला, आपल्या गल्लीच्या टोकापर्यंतच, पण बसला. झोप अजून वाईटच आहे.

तुला काय करायचं ते सांगते. बाबाकडून मोठ्या कौतुकाची वाट बघू नकोस सध्या, पण बातम्या त्यालाच दे, माझ्यामार्फत नको, चांगल्या वाईट दोन्ही. आणि सुट्टीला येताना त्याला त्रास नको म्हणून दिवसाची गाडी पकडून एक दिवस वाया घालवतेस ते बंद कर. रात्रीच्याच गाडीने ये. बसलीस की एक मेसेज, उतरलीस की एक, मधे दर अर्ध्या तासाला लोकेशन पाठवायचं नाही. हे मी परस्पर ठरवलेलं नाहीये, त्याच्या यादीत ते चौथ्या नंबरवर त्याने स्वतः लिहिलंय. तिकीट काढलंस की त्यालाच कळव.

आई