टीव्हीवरचं 'चिकट रक्त'

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी रामबागेतल्या एका हॉलमध्ये रक्ततपासणीचं फुकट शिबिर होतं. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र मोठ्या टीव्हीवर दाखवायचं. आमच्या वहिनींच्या लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसलेल्या दिसल्या. 'रक्त चिकट झालंय, गुठळी होईल' असं सांगून त्यांच्या गळ्यात अडीच हजारांची पावडर मारली.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. थांबलेल्या थेंबात चळती दिसल्या नसत्या तरच मला नवल वाटलं असतं. आम्ही त्याला रुलो म्हणतो. लाल पेशी म्हणजे साधारण ८ मायक्रॉनची, मध्ये दबलेली चकती. रक्त थांबलं की फायब्रिनोजेनसारख्या मोठ्या प्रथिनांमुळे या चकत्या एकीवर एक बसतात. पण ही पकड कच्ची असते. रक्त वेगानं वाहू लागलं की त्या ओढीनंच चळती सुटतात आणि रक्त पातळ होतं. संथ झालं की पुन्हा जमतात. धमनीत पेशी सुट्या, संथ शिरांमध्ये थोड्या जुळलेल्या आणि केशवाहिनीत तर अंग मुडपून एकामागे एक. गंमत म्हणजे चळती प्रवाहाच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा थर उरतो. बारीक वाहिनीत तो वंगणाचं काम करतो.

गुठळी वेगळी. तिच्यात फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलेलं असतं, ते हलवून मोडत नाही.

आपली नेहमीची ई.एस.आर. तपासणी, म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते मोजणं, याच चळतींवर उभी आहे. ताप, संधिवात, गरोदरपण यांत फायब्रिनोजेन वाढतं, चळती मोठ्या होतात आणि नळीत भराभर खाली बसतात. तासाभरात किती मिलिमीटर, ते वाचायचं. नळी जराशी तिरकी राहिली तरी आकडा फुगतो. त्यावरून नव्या मुलांना मी किती रागावलोय! मधुमेहातही चळती जास्त घट्ट बसतात, हे खरं. पण त्याचं निदान हॉलमधल्या टीव्हीवर होत नाही.

ब्लड बँकेत पेशी खरोखर चिकटल्यात की नुसत्या चळती आहेत अशी शंका आली की आम्ही काचेवर सलाईनचा एक थेंब सोडायचो. रुलो असेल तर पेशी लगेच सुट्या होतात. पुढच्या शिबिराला कुणी जाणार असेल, तर पावडरीचे पैसे मोजण्याआधी तेवढा थेंब टाकायला सांगावं.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, इंदूर